अल्टर्ड डॉमिनंटचं व्हॉइसिंग: आधी उतरायची जागा ठरवा, मग कॉर्ड धरा

चार्टवर, म्हणजे गाण्याचे कॉर्ड लिहिलेल्या कागदावर, जी सेव्हन अल्ट (अल्टर्ड, म्हणजे फाइव्ह आणि नाइन दोन्ही बदललेला) दिसलं की बरेच जण डाव्या हातात नेहमीचा जी सेव्हन धरतात, म्हणजे जी, बी, डी, एफ, आणि उजव्या हाताने वरून ई फ्लॅट आणि बी फ्लॅट टाकतात. कानाला टोचतं. मग वाटतं हा कॉर्डच असा असतो, किंवा आपला कान अजून तयार नाही. तसं काही नाहीये. टोचतोय तो डी. वर ई फ्लॅट वाजतोय आणि त्याच्या अगदी शेजारचा डी तुम्ही खाली धरून ठेवलाय, आणि अल्टर्डमध्ये त्या डीला जागाच नसते.

दुसरी चूक याहून जास्त लोक करतात पण ती पटकन लक्षात येत नाही. कॉर्डचा आकार सुटा पाठ केला जातो. आधीच्या कॉर्डवरून तिथे यायचं कसं आणि तिथून पुढे जायचं कसं हे कोणी पाठ करत नाही, त्यामुळे गाण्यात अल्ट आला की हात लांब उडी मारतो, कॉर्ड सापडतो सुद्धा, पण ऐकणाऱ्याला तो मध्येच कुठून तरी आल्यासारखा वाटतो. या कॉर्डचा जवळजवळ प्रत्येक सूर अर्ध्या सुराने कुठेतरी सरकायला बघत असतो, आणि ते सरकणं ऐकू आलं तरच त्याची मजा आहे. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम उलटा लावलाय, आधी कुठे उतरायचं ते (म्हणजे अल्टर्डनंतर येणारा कॉर्ड), मग अल्टर्ड कॉर्ड, मग त्याच्या आधीचा कॉर्ड. क्रम मोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीतल्या बोटांवरच उभी आहे.

मेजर सेव्हन, मायनर सेव्हन आणि सी मेजरमधलं टू-फाइव्ह-वन (डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन) तुम्हाला येतं असं धरून चालतोय. यातला जी सेव्हन तो डॉमिनंट, आणि व्हॉइसिंग म्हणजे कॉर्डचे सूर हातात कुठे कसे मांडायचे ते.

१. वाजवण्याआधीची तयारी

ट्रान्सपोज शून्यावर आणा. हार्मोनियमवरून की-बोर्डवर आलेल्यांना काळी पाच हवी तर बटण दाबून काळी पाच करायची सवय असते, ती इथे अडवते, कारण आपल्याला प्रत्येक पट्टीतला हाताचा आकार वेगळा शिकायचाय. ऑटो अकम्पनिमेंट (की-बोर्डची आपोआप वाजणारी साथ) बंद. आवाज साधा पियानो ठेवा, स्ट्रिंग्ज किंवा पॅड नको, त्यात सूर एकमेकांत विरघळतात आणि चूक लपते. पेडलवरून पाय काढा, निदान पाचवी पायरी होईपर्यंत तरी.

मिडल सी नक्की कुठे आहे ते बघा. ६१ कीच्या बोर्डवर डावीकडून तिसरा सी, ८८ कीवर चौथा. पुढे मी ‘मिडल सीच्या खालचा एफ’ वगैरे लिहिलंय ते शब्दशः घ्या, एक सप्तक खाली वाजवलंत तर तोच कॉर्ड चिखल होतो.

आता सूर. जी सेव्हन अल्टमध्ये दोन सूर पक्के, बी (थर्ड) आणि एफ (सेव्हन्थ). रंग देणारे चार, ते असे:

ए फ्लॅट, म्हणजे फ्लॅट नाइन
बी फ्लॅट, म्हणजे शार्प नाइन
डी फ्लॅट, म्हणजे फ्लॅट फाइव्ह
ई फ्लॅट, म्हणजे फ्लॅट थर्टीन (चार्टवर कधी शार्प फाइव्ह लिहितात, की तीच)

सोयीसाठी मी शार्प नाइनलाही बी फ्लॅटच म्हणणार आहे. पेटी शिकलेल्यांसाठी सोपं सांगतो, जी ला सा माना, मग हे सूर होतात सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. गंधार दोन्ही आहेत, आणि शुद्ध रे, शुद्ध म, पंचम, शुद्ध ध यातलं काहीच नाही. पाश्चात्य हिशोबाने हेच सात सूर ए फ्लॅट मेलोडिक मायनरचे आहेत, फक्त जी पासून सुरू केलेले.

सावधान: चार्टवर नुसतं जी सेव्हन फ्लॅट नाइन लिहिलं असेल तर तो आपोआप अल्टर्ड होत नाही. त्यात शुद्ध फाइव्ह आणि शुद्ध थर्टीन चालतात, गाणारा किंवा सॅक्सवाला ते घेत असू शकतो. ‘अल्ट’ लिहिलं असेल, किंवा फाइव्ह आणि नाइन दोन्ही बदललेले दिसत असतील, तरच इथलं सगळं लागू.

२. फक्त दोन सूर

डाव्या हातात मिडल सीच्या खालचा एफ आणि त्याच्या वरचा बी. बस. यातला एफ खाली ई वर जाऊ दे आणि बी तिथेच राहू दे, म्हणजे सी मेजर सेव्हनचे थर्ड आणि सेव्हन्थ मिळाले. एफ-बी, ई-बी, एफ-बी, ई-बी, असं सावकाश करा आणि एफचं ई होणं कानाने पकडा. अख्ख्या कॉर्डची ओढ या एका हालचालीत आहे, वरचे रंग तिला मदत करतात, तिची जागा घेत नाहीत.

हीच जोडी डी फ्लॅट सेव्हनमध्येही असते, तिथे एफ होतो थर्ड आणि बी होतो सेव्हन्थ. म्हणजे बारा डॉमिनंट कॉर्डना मिळून अशा जोड्या फक्त सहाच. या सहा जोड्या न बघता हाताखाली आल्या पाहिजेत, आणि इथे घाई करणारा माणूस पुढे प्रत्येक पट्टीत अडकतो.

तपासा: दुसऱ्या कोणाला तरी एखाद्या डॉमिनंटचं नाव घ्यायला सांगा, ए सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन, काहीही. थर्ड आणि सेव्हन्थ लगेच पडले पाहिजेत. बोटांवर मोजत असाल तर अजून इथेच थांबा.

३. उतरायची जागा आधी वाजवा

डाव्या हातात सी मेजरचा हा आकार घ्या, खालून वर ई, जी, बी, डी. रूट (कॉर्डचा मूळ सूर, इथे सी) नाहीये, तो बेस वाजवणाऱ्याचा. एकटे वाजवत असाल तर सुरुवातीला उजव्या हाताने खाली जाऊन एकदा सी वाजवून घ्या म्हणजे कानाला जमीन मिळेल.

आता या चारही सुरांकडे बघा आणि प्रत्येकाला विचारा, अल्टर्ड कॉर्डमधून तू आलास कुठून? ई आला एफ वरून. जी आला ए फ्लॅट वरून. बी आहे तिथेच होता. डी आला ई फ्लॅट वरून. झाला तुमचा कॉर्ड, एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट. फ्लॅट सेव्हन, फ्लॅट नाइन, थर्ड, फ्लॅट थर्टीन. पाठ करायला काही उरलंच नाही, सी मेजरचे तीन सूर अर्धा सूर वर ढकलले आणि एक जागेवर ठेवला.

मला हा कॉर्ड शिकवायचा हाच मार्ग पटतो. आकडे पाठ केलेला माणूस फ्लॅट थर्टीन कुठला ते सांगतो पण तो का वाजवायचा हे हाताला माहीत नसतं, आणि असं उलटं शिकलेल्याचा हात आपोआप डी शोधत जातो.

ज्यांना डी फ्लॅट नाइन येतो त्यांच्या लक्षात आलं असेल, हा आकार तोच आहे. खाली बेसने जी वाजवला तर जी सेव्हन अल्ट, डी फ्लॅट वाजवला तर डी फ्लॅट नाइन.

तपासा: अल्टर्ड वाजवून सी वर या, चार वेळा, आणि दर वेळी एकच सूर ऐका. पहिल्यांदा फक्त सगळ्यात खालचा, मग त्याच्या वरचा, असं. मधला एखादा सूर ऐकूच येत नसेल तर तो तुम्ही हलका दाबताय, बहुतेक वेळा तिसरं-चौथं बोट.

४. आता आधीचा कॉर्ड जोडा

डी मायनर सेव्हनसाठी एफ, ए, सी, ई. त्यावरून अल्टर्डवर येताना एफ जागेवर, ए चा ए फ्लॅट, सी चा बी, ई चा ई फ्लॅट. मग सी वर. एकाखाली एक लिहितो:

एफ, ए, सी, ई
एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट
ई, जी, बी, डी

आडवं वाचू नका, वरून खाली उभं वाचा. दुसऱ्या आवाजात, म्हणजे खालून दुसऱ्या सुराच्या चालीत, ए, ए फ्लॅट, जी. वरच्या आवाजात ई, ई फ्लॅट, डी. पूर्ण हालचालीत एकही बोट अर्ध्या सुरापेक्षा जास्त हललेलं नाही. हात उचलायची गरजच नाही, तळवा तिथेच ठेवून फक्त बोटं सरकवा.

मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक कॉर्ड चार ठोके. याहून जलद नको. आणि वरचा आवाज तोंडाने म्हणा, ई, ई फ्लॅट, डी. म्हणता येत नसेल तर तो ऐकू येत नाहीये.

सावधान: इथे बऱ्याच जणांचा ई अल्टर्डवर येताना ईच राहतो, कारण तो सूर सी मेजरमध्ये ओळखीचा आहे आणि बोट आळशी असतं. मग कॉर्ड जी थर्टीन फ्लॅट नाइन होतो. तोही चांगला कॉर्ड आहे, पण वेगळा आहे, आणि सोलोवाला ई फ्लॅट वाजवत असेल तर भांडण होणार.

५. दुसरी पोझिशन आणि शार्प नाइन

एकाच पोझिशनवर थांबलात तर पट्टी बदलली की हात एकदम खाली नाहीतर एकदम वर जातो. म्हणून हेच सूर उलटवून घ्या, या वेळी सगळ्यात खाली मिडल सी:

सी, ई, एफ, ए
बी, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट
बी, डी, ई, जी

आवाज तेच, फक्त खालचे दोन वर गेलेत. कुठली पोझिशन कधी? माझा नियम साधा आहे, सगळ्यात खालचा सूर मिडल सीच्या खालच्या डी च्या आणखी खाली जायला लागला की दुसरी पोझिशन घ्या.

आता शार्प नाइन. दुसऱ्या पोझिशनमध्ये ए फ्लॅटच्या जागी बी फ्लॅट घ्या, बी, ई फ्लॅट, एफ, बी फ्लॅट. खाली शुद्ध ग, वर कोमल ग, आणि मध्ये भरपूर अंतर, म्हणून तो कडक असूनही मोकळा वाजतो. वरचा आवाज ए, बी फ्लॅट असा चढला, पुढे त्याला परत ए वर न्या (सी चा कॉर्ड मग बी, डी, ई, ए). किंवा जास्त सुंदर, अल्टर्डच्या चार ठोक्यांत दोन ठोके बी फ्लॅट, दोन ठोके ए फ्लॅट, आणि मग जी. ए, बी फ्लॅट, ए फ्लॅट, जी. हे एकदा नीट वाजलं ना की परत साधा जी सेव्हन वाजवावासा वाटत नाही.

पहिल्या पोझिशनमध्ये शार्प नाइन घेतला तर एफ, बी फ्लॅट, बी, ई फ्लॅट होतं. बी फ्लॅट आणि बी शेजारी शेजारी, बोटं पाच, तीन, दोन, एक. ही चिकटलेली जोडी मिडल सीच्या आसपास छान चावते. सप्तकभर खाली नेलीत तर नुसती घरघर.

सावधान: शार्प नाइन खाली आणि थर्ड त्याच्या एका सप्तकाहून अर्धा सूर वर, म्हणजे डाव्या हातात बी फ्लॅट आणि उजव्या हातात वरच्या सप्तकातला बी, असं कधी ठेवू नका. शेजारी चालतात, बी खाली आणि बी फ्लॅट वर चालतं, पण हे एक अंतर कॉर्डला फोडतं. दोन हातांनी वाजवताना ही चूक नकळत होते, म्हणून प्रत्येक नवीन व्हॉइसिंगमध्ये आधी हे दोन सूर शोधून बघायचे.

६. मायनरवर उतरताना

अल्टर्डचं खरं घर मायनर आहे असं माझं मत. जी सेव्हन अल्टमधला ई फ्लॅट आणि ए फ्लॅट हे सी मायनरचेच सूर, त्यामुळे तिथे कोणाला दचकायला होत नाही. डी हाफ-डिमिनिश्ड (डी मायनर सेव्हनच, फक्त फाइव्ह फ्लॅट), जी सेव्हन अल्ट, सी मायनर:

एफ, ए फ्लॅट, सी, डी
एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट
ई फ्लॅट, जी, बी, डी

मेजरमध्ये शिकलेला मधला कॉर्ड जसाच्या तसा आला, त्याच्या दोन्ही बाजू बदलल्या. शेवटच्या कॉर्डमधला बी फार तीव्र वाटला तर त्याच्या जागी ए घ्या, सी मायनर सिक्स मिळेल.

इथे एक फरक लक्षात घ्या. वरचा आवाज आता डी, ई फ्लॅट, डी असा जातो, वर जाऊन परत येतो. मेजरमध्ये तो सरळ उतरत होता. मेजर आणि मायनर आलटून पालटून वाजवा म्हणजे कानाला हा फरक कायमचा बसेल.

७. दोन हात

डाव्या हातात एफ-बी (दुसऱ्या पायरीतली जोडी), उजव्या हातात वर एक साधा ट्रायड, म्हणजे तीन सुरांचा कॉर्ड. अल्टर्डसाठी कामाचे तीन:

ई फ्लॅट मेजर. ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट. फ्लॅट थर्टीन आणि शार्प नाइन मिळतात. सगळ्यात आधी हाच बसवा.
डी फ्लॅट मेजर. फ्लॅट फाइव्ह आणि फ्लॅट नाइन. यात एफ दोनदा येतो, म्हणून ए फ्लॅट, डी फ्लॅट, एफ असं इन्व्हर्जन घ्या, वरचा एफ चमकतो.
ए फ्लॅट मायनर. फ्लॅट नाइन, थर्ड, फ्लॅट थर्टीन. तिघांत सगळ्यात मऊ, बॅलडमध्ये (संथ गाण्यात) हा.

ए मेजर आणि ई मेजर हे दोन ट्रायड पण लोक याच यादीत पाठ करतात, ते वाजतातही सुंदर, पण ए मेजरमध्ये शुद्ध नाइन आणि शुद्ध थर्टीन आहेत, ई मेजरमध्ये शुद्ध थर्टीन. अल्ट लिहिलं असेल तिथे ते नकोत.

ट्रायडला सुद्धा उतरायची जागा द्या. ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट वरून डी, जी, ए वर या, आणि डावा हात एफ-बी वरून ई-बी वर. मधला जी हललाच नाही, दोन बाजूंचे सूर अर्ध्या अर्ध्या सुराने खाली बसले. दुसऱ्या पायरीपासून जे करतोय तेच, फक्त मोठ्या आकारात.

एकटे वाजवताना, बेस नसताना, डाव्या हातात खालचा जी आणि मिडल सीच्या खालचा एफ घ्या, आणि उजव्या हातात बी, ई फ्लॅट, बी फ्लॅट. डाव्या हाताचा ताण होत असेल तर जी आधी वाजवून सोडून द्या. पेडल आता वापरा, पण कॉर्ड बदलताना पूर्ण उचला. अल्टर्डचा ए फ्लॅट सी मेजरमध्ये घुमत राहिला तर केलेली सगळी मेहनत वाया.

८. गाण्यात कुठे, आणि कुठे नाही

ज्या डॉमिनंटनंतर त्याच्या पाचव्या सुराइतका खालचा कॉर्ड येतो (जी नंतर सी, सी नंतर एफ), तिथे अल्टर्ड बसतो. जो डॉमिनंट कुठेच जात नाही, नुसता आठ आठ बार (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक गट) बसून असतो, तिथे अल्टर्ड टाकला की वाट पाहणं सुरू होतं आणि गाडी येतच नाही.

एफ मधल्या ब्लूजमध्ये (बारा बारची ठरलेली रचना) चौथा बार बघा. एफ सेव्हन, त्याच्यापुढे पाचव्या बारला बी फ्लॅट सेव्हन. पहिले तीन बार साधा एफ सेव्हन वाजवा आणि चौथ्या बारच्या शेवटच्या दोन ठोक्यांवर ए, डी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट. तिथून बी फ्लॅट सेव्हनवर ए फ्लॅट, सी, डी, जी. चारही बोटं एकदम अर्धा सूर खाली सरकली, आकार तोच. इतकं स्वस्तात इतकं भारी दुसरीकडे मिळत नाही. त्याच ब्लूजमध्ये आठव्या बारला डी सेव्हन आणि पुढे जी मायनर सेव्हन असेल तर सी, ई फ्लॅट, एफ शार्प, बी फ्लॅट वरून बी फ्लॅट, डी, एफ, ए.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा चुकते ती, धून न बघता अल्ट लावणं. ऑटम लीव्ह्ज हे जॅझमधलं प्रसिद्ध गाणं जी मायनरमध्ये घ्या. सुरुवातीच्या ओळीत एफ सेव्हनच्या बारमध्ये धून एफ, जी, ए अशी चढते. तो जी म्हणजे एफचा शुद्ध नाइन. तुम्ही खाली जी फ्लॅट किंवा ए फ्लॅट धरलात तर गाणाऱ्याच्या सुरावर पाय दिलात. पुढे डी सेव्हनवर पण तसंच, धून डी, ई, एफ शार्प, तिथे ई शुद्ध नाइन. म्हणून धून चालू असताना एफ सेव्हनवर नुसते ए आणि ई फ्लॅट पुरेत, डी सेव्हनवर सी, एफ शार्प, बी फ्लॅट घ्या, रंग येतो आणि नाइनची जागा मोकळी राहते. सोलो सुरू झाला की मग डी सेव्हनवर पूर्ण अल्टर्ड उघडा.

तपासा: कुठल्याही गाण्यात अल्ट लावण्याआधी त्या बारमधले धूनचे सूर बोटावर मोजून घ्या. शुद्ध फाइव्ह, शुद्ध नाइन किंवा शुद्ध थर्टीन दिसला की तेवढा रंग काढून टाका, अख्खा कॉर्ड टाकायची गरज नाही.

९. बाकीच्या पट्ट्या

सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट असं फोर्थच्या चक्रात (दर वेळी सा पासून शुद्ध म इतकं वर) जा, एका आठवड्यात एकच नवीन पट्टी घेतली तरी चालेल. प्रत्येक पट्टीत पुन्हा तिसऱ्या पायरीपासून, म्हणजे उतरायच्या कॉर्डपासून. पडताळायला दोन देतो: एफ मेजरवर उतरणारा सी सेव्हन अल्ट म्हणजे बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई, ए फ्लॅट. डी वर उतरणारा ए सेव्हन अल्ट म्हणजे जी, बी फ्लॅट, सी शार्प, एफ. याच्याशी जुळलं नाही तर तुम्ही कुठेतरी आकार ढकलताय, सूर ऐकत नाहीये.

१०. इतरांबरोबर वाजवताना

बेसिस्ट असेल तर रूट पूर्ण सोडा, खालचा जी दोघांनी वाजवला की तळ जड होतो आणि त्याला डी फ्लॅटवर जायचं असेल तर वाटच उरत नाही. आणि कॉर्ड दर बारच्या पहिल्या ठोक्यावर आपटू नका, अल्टर्ड थोडा आधी, चौथ्या ठोक्याच्या ‘अँड’वर आला तर पुढची ओढ जास्त जाणवते.

गिटारवाला असेल तर वाजवायला सुरुवात करण्याआधीच बोलून घ्या. तो जी थर्टीन वाजवतोय आणि तुम्ही जी अल्ट, दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण त्याचा ई आणि तुमचा ई फ्लॅट एकत्र आले की सोलोवाल्याला उभं राहायला जागा नाही. सगळ्यात सरळ तोडगा म्हणजे एका कोरसमध्ये (गाण्याच्या एका पूर्ण फेरीत) एकानेच कॉम्प करायचं, म्हणजे साथीचे कॉर्ड वाजवायचे, दुसऱ्याने हात काढून घ्यायचे, आणि पुढच्या कोरसला बदली.